कमी जिंकून आत आलेला बर्वे

बर्वे स्वतःची ओळख करून द्यायचा तेव्हा समोरच्याला वाटायचं, हा माणूस कशाची तरी माफी मागतोय. "मी सुधीर बर्वे. साताऱ्याचा. ग्रीन कार्ड आहे माझ्याकडे, पण त्यात माझं काही कर्तृत्व नाही." आता मला सांगा, मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात, तिळगुळाची वाटी हातात घेऊन उभ्या असलेल्या अनोळखी बाईला कोणी असं सांगतं का? ती बाई मी होते. अमेरिकेत, बॉथेलला येऊन मला जेमतेम महिना झाला होता आणि कोणाच्या कर्तृत्वाची चौकशी करण्याइतका धीर अजून अंगात आला नव्हता. मी नुसतं "बरं" म्हटलं. त्यावर तो खूश झाला आणि त्याने त्याच्या वाटीतला मोठा लाडू मला दिला.

या कर्तृत्व नसण्याची हकीकत मला नंतर कळली. बर्वेचे वडील रस्त्यांचे इंजिनिअर होते आणि तरुणपणी काही वर्षं झांबियात नोकरीला होते. बर्वे तिथे जन्मला. त्याला दात यायच्या आत सगळे साताऱ्याला परतले. झांबियाची त्याची आठवण एवढीच, की तिथे आंबा होता म्हणे, आणि तीही आईकडून ऐकलेली. पण अमेरिकेत कायमचं राहायची परवानगी मिळते ती जन्मदेशाप्रमाणे लावलेल्या रांगांतून. भारतात जन्मलेल्यांच्या रांगेत माणसाचे केस पिकतात. झांबियाच्या रांगेत चिटपाखरू नव्हतं. बर्वे गेला तो थेट खिडकीपाशीच पोचला.

त्याच्याबरोबर त्याच कंपनीत, त्याच महिन्यात लागलेला श्रीकांत वाकोडे मात्र नागपूरला जन्मला होता. दोघं सुरुवातीला एकाच अपार्टमेंटमध्ये राहिले, एकाच कुकरमध्ये वरणभात लावून जेवले. श्रीकांत बर्वेपेक्षा हुशार इंजिनिअर. हे मी म्हणत नाही, बर्वेच म्हणायचा, आणि तेही श्रीकांतच्या देखत. बर्वेचं कार्ड आलं त्या वर्षी श्रीकांतची मुलगी बालवाडीत होती. मी बॉथेलला आले तेव्हा ती हायस्कूलमध्ये गेली होती आणि श्रीकांत अजून रांगेतच होता.

ही टोचणी बर्वेच्या सगळ्या अंगात भिनली होती. रांग दिसली की हा सर्वांत मागे. पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, वाढून घेणारा शेवटचा माणूस तोच, त्यामुळे त्याच्या वाट्याला नेहमी नुसती कोशिंबीर यायची. लिफ्टमध्ये सगळ्यांना आत घालून मग हा शिरायचा आणि दर खेपेला दारात अडकायचा. उंच, जरासा वाकलेला, डोक्यावर कायम आमच्या शहराच्या बेसबॉल संघाची टोपी. सत्यनारायणाला आला तरी टोपी असायचीच. आरतीला तेवढी काढून काखेत धरायचा.

आता त्या टोपीविषयी. बर्वेला बेसबॉलचं वेड होतं असं सगळे म्हणत, पण ते तितकंसं खरं नव्हतं. कोणी चेंडू किती लांब मारला याचं त्याला फारसं काही नसायचं. त्याचा जीव होता तो गुणतक्त्यात. काही लोक सकाळी उठून राशिभविष्य वाचतात, तसा हा चहा घेताना तक्ता वाचायचा आणि अस्वस्थ व्हायचा. "हे बघ, हे बघ," म्हणून फोन माझ्या नाकापाशी आणायचा. मला खेळातलं ओ की ठो कळत नाही. मी प्रयोगशाळेत दिवसभर पेशी मोजणारी बाई. पण बर्वेला कळणाऱ्या माणसाची गरज नव्हती, ऐकणाऱ्या माणसाची होती.

एका शनिवारी तो मला मॅचला घेऊन गेला. आमच्या स्टेडियममध्ये घरचा डबा न्यायला परवानगी आहे, आणि या शहरातली ही सगळ्यात सुसंस्कृत गोष्ट आहे असं माझं स्वच्छ मत आहे. बर्वेने थालीपीठं आणली होती. अगदी वरच्या मजल्यावरच्या स्वस्तातल्या जागा. शेजारच्या खुर्चीत डोरोथी नावाची गोरी म्हातारी. पूर्वी दातांची डॉक्टर होती, आता प्रत्येक मॅचला येऊन बसायची. बर्वेची आणि तिची ओळख या खुर्च्यांपुरतीच, पण बरीच जुनी.

"डिव्हिजन म्हणजे काय ते समजावतो," बर्वे म्हणाला आणि त्याने थालीपिठाचे तुकडे डब्याच्या झाकणावर मांडले. हे पूर्वेकडचे संघ, हे मध्यातले, हे आपले पश्चिमेचे. प्रत्येक ढिगातला पहिला आपोआप प्लेऑफमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या शेवटच्या फेऱ्यांत जाणार. उरलेल्यांतून सर्वांत जास्त जिंकलेले थोडे वाइल्ड कार्डवर जाणार, बाकीच्यांचा सीझन संपला. "आता समज, पूर्वेला सगळेच तगडे. एकमेकांना बदडून बदडून त्यांतला एक मागे पडला आणि घरी बसला. आणि मधल्या ढिगात सगळे लेचेपेचे. त्यांतला पहिला घरी बसलेल्यापेक्षा कमी मॅच जिंकून आत! का? तर त्याचा पत्ता सोयीचा म्हणून! अगं, एकच तक्ता करा ना सगळ्यांचा. जो जास्त जिंकेल तो जाईल. यात अवघड काय आहे?"

मी मान डोलवली. तेवढ्यात डोरोथीने हात लांब केला आणि मध्य विभाग खाऊन टाकला.

मराठी कळत नसलं तरी बर्वेचं हे गाऱ्हाणं तिला पाठ होतं. खाता खाता ती जे बोलली ते मराठीत सांगायचं तर असं. एकच तक्ता केलास तर अर्ध्या गावांना जूनमध्येच कळेल की आपलं यंदा काही खरं नाही. मग तिथले लोक उन्हाळाभर कशासाठी येतील? डिव्हिजन असली की समोर पंधरा-वीस गावं नसतात, चार शेजारी असतात. तेवढ्यांना मागे टाकायचं. तेवढं कोणालाही जमेलसं वाटतं. "म्हणजे अन्याय चालेल?" बर्वेने विचारलं. "आशा चालेल," ती म्हणाली आणि आणखी एक तुकडा उचलला. बर्वेला ते मुळीच पटलं नाही. परतीच्या गाडीत तो बॉथेल येईपर्यंत तिच्याशी भांडत होता, ती गाडीत नसताना.

आपलं म्हणणं खरं करून दाखवायची संधी त्याला मंडळाने दिली. आमच्या मंडळाची टेनिस बॉल क्रिकेटची स्पर्धा दर उन्हाळ्यात होते. नदीच्या अलीकडे राहणाऱ्यांचा एक गट, पलीकडच्यांचा दुसरा. गटात वर आलेले पुढे जाणार. पलीकडे सगळे नुकते पुण्या-मुंबईहून आलेले चपळ पोरगे, अलीकडे आमच्यातले पोट सुटलेले गृहस्थ, त्यामुळे अलीकडून दर वर्षी कोणीतरी हसतखेळत पुढे जायचं. बर्वे स्वतः अलीकडचा. त्याने कमिटीच्या बैठकीत उभं राहून असं काही भाषण केलं की लोकांनी गट मोडून सगळ्यांचा एकच तक्ता करायला होकार दिला. सगळे सगळ्यांशी खेळणार, वरचे चार पुढे.

झालं काय, की स्पर्धा संपेचना. विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांची टीम सुरुवातीच्या मॅच हरली आणि यायचीच बंद झाली. मी त्यांच्यातल्या एकाला दुकानात गाठून विचारलं, तर म्हणाला, "काकू, आता मॅथेमॅटिकलीच चान्स नाही, मग वीकेंड कशाला वेस्ट करायचा?" मग आणखी दोन टीम गळल्या. ऑगस्टमध्ये डोंगरातल्या वणव्यांचा धूर आला, त्यात खोकत खोकत शेवटच्या मॅच झाल्या. तक्ता अगदी निर्दोष होता. मैदानावर मात्र खेळणारे, बर्वे आणि उरलेले समोसे एवढेच होते. त्याची स्वतःची टीम पाचवी आली. जुन्या नियमाने ती आरामात पुढे गेली असती. "तरी हेच बरोबर आहे," तो म्हणाला, पण समोशांकडे बघत म्हणाला.

त्याच वर्षी श्रीकांतशी त्याचं बिनसलं. गणपतीत आम्ही श्रीकांतकडे जमलो होतो. त्या महिन्यात भारताची रांग पुढे सरकायच्या ऐवजी मागे गेली होती. हो, सरकार दर महिन्याला तारखा ठरवतं, त्यामुळे ती मागेही जाते. श्रीकांतने तो विषयही काढला नव्हता. तो मोदक वाढत होता. बर्वे त्याच्यापाशी जाऊन उभा राहिला आणि त्याने नेहमीचं सुरू केलं, "श्रीकांत, खरं सांगतो, माझं तुला देता आलं असतं ना, तर..."

श्रीकांतने ताट खाली ठेवलं. "बर्वे, यार, तुझ्या सॉरीचं मी काय करू? फ्रेम करून भिंतीवर लावू? तू आत गेलास म्हणून मी बाहेर नाहीये. आणि दर वेळी तू असा पडेल चेहरा करून येतोस, की मलाच तुझी समजूत काढावी लागते. रांगेत मी, आणि समजूत तुझी काढायची! आता बस कर."

श्रीकांतची मुलगी म्हणाली, "बाबा, दॅट वॉज मीन." बर्वे म्हणाला, "नाही बेटा, ही इज राइट." त्याने टोपी घातली आणि तो निघून गेला. त्यानंतर कित्येक महिने दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. ऑफिसात कामाचं तेवढं, तेही ईमेलवर. श्रीकांतची बायको मंजिरी मला सांगायची, की हा घरी आला की दोन शब्द धड बोलत नाही. आणि बर्वे तर पार उतरला होता. मला त्याची फार काळजी वाटायची. लग्न केलेलं नाही, घरात दुसरं माणूस नाही, आणि ज्याच्याबरोबर एका कुकरात जेवला तो माणूस तोंड फिरवून जातोय.

पुढच्या मोसमात मी आपण होऊन त्याच्याबरोबर मॅचला गेले, माझ्या हातच्या पुऱ्या घेऊन. त्याने त्या दिवशी तक्ता उघडलासुद्धा नाही. डोरोथीच्या ते लगेच लक्षात आलं. तिने विचारलं आणि याने सगळं सांगितलं. झांबिया, रांगा, श्रीकांत, मोदक. ती मॅचकडे बघतच ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "कमी जिंकून आत आलेले संघ मी आयुष्यभर पाहिलेत. नियम वाईट असेल, तर हिवाळ्यात, खेळ बंद असताना, भांडून बदलून घे, मी तुझ्याबरोबर येईन. पण एकदा आत आल्यावर दारात उभं राहून काय करतोस? त्याने बाहेरच्याला आत यायला मिळतं का? आत आलायस, तर खेळ."

तिला काय म्हणायचं होतं ते मला तेव्हा नीटसं कळलं नाही. बर्वेला कळलं असावं, कारण काही दिवसांतच त्याने एक वेगळंच काम सुरू केलं.

आमच्यातल्या पुष्कळांची अडचण अशी असते. व्हिसा चालू असतो, नोकरी चालू असते, पण पासपोर्टवरचा शिक्का संपलेला असतो. भारतात गेलं की नवा शिक्का घेतल्याशिवाय परत येता येत नाही, आणि त्याची अपॉइंटमेंट कधी मिळेल ते देवालाही ठाऊक नसतं. नोकरी जायची, मुलांची शाळा बुडायची. म्हणून लोक जात नाहीत. तिकडे वडिलांचा मोतीबिंदू काढतात, आईला दवाखान्यात ठेवतात, आणि ही शहाणीसुरती माणसं इकडे स्वयंपाकघरात फोन धरून उभी असतात. बर्वेला शिक्क्याची गरज नव्हती. केव्हाही जावं, केव्हाही यावं. तर तो जायला लागला. मंडळातल्या एकीच्या वडिलांना अमरावतीला डॉक्टरकडे नेऊन आणलं. कोणाच्या आईला कोल्हापुरात नव्या घरात सामानासकट हलवून दिलं. त्याची सगळी रजा यातच जायची. परत आला की कोणाच्या तरी घरच्या चकल्या किंवा गोडा मसाला आणि तपशीलवार वृत्तांत आणायचा. "बाबांचा आवाज खणखणीत आहे, पण जिना चढताना कठडा धरतात. खाली खोली हलवायला हवी." हे फोनवर कोणाचे बाबा सांगतात? माणसं रडायची हे ऐकून. मग बर्वे घाबरून निघून जायचा.

श्रीकांतकडे मात्र जायची त्याची हिंमत नव्हती.

मग तो सप्टेंबर आला. आमचा संघ अनेक वर्षं प्लेऑफच्या दारातून परत फिरलेला, त्या वर्षी आपल्या डिव्हिजनमध्ये पहिला आला. बर्वेच्या मनाची जी काही ओढाताण झाली ती बघण्यासारखी होती. कारण आम्ही पुष्कळ कमी जिंकलो होतो. आमच्यापेक्षा जास्त जिंकलेला एक संघ घरी बसला होता. आणि पहिल्याच फेरीत समोर येणारा वाइल्ड कार्डवाला संघही आमच्याहून जास्त जिंकलेला, तरी मॅच आमच्या मैदानावर, कारण आम्ही डिव्हिजनचे विजेते. "खरं तर आपण त्यांच्याकडे जायला हवं," बर्वे म्हणाला. मी म्हटलं, "मग तू जा. मी इथे बघते." तो हसला, कितीतरी दिवसांनी. त्याने दोन तिकिटं काढली होती, एक त्याचं, एक माझं. घरच्या मैदानावर प्लेऑफची मॅच बघायची त्याची ही आयुष्यातली पहिली वेळ असणार होती.

त्याच आठवड्यात नागपूरला श्रीकांतची आई बाथरूममध्ये पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन करावं लागणार होतं. श्रीकांत एकुलता एक. वडील नाहीत. श्रीकांतचा शिक्का केव्हाच संपलेला, आणि मुलीचं हायस्कूलचं शेवटचं वर्ष. मंजिरीने मला फोनवर सांगितलं, "हा जायचं म्हणतो, मग परत बसतो, मग परत बॅग काढतो." तिने मला सांगितलं म्हणजे बर्वेला सांगितल्यासारखंच होतं. माझ्या पोटात काही राहत नाही, हे तिला चांगलं माहीत होतं.

मी बर्वेला घेऊन श्रीकांतकडे गेले तेव्हा दार श्रीकांतने उघडलं. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. बर्वेच्या खांद्याला बॅग होती. मला वाटलं, आता हा परत सॉरी म्हणतो की काय. पण तो म्हणाला, "दुपारचं फ्लाइट आहे. आईंना कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे ते सांग."

"माझी आई आहे रे ती," श्रीकांत म्हणाला.

"हो ना. म्हणून तुला विचारतोय."

मग श्रीकांतने सांगितलं. ॲलर्जी, बीपीच्या गोळ्या, डावा कान कमी ऐकतो, खोटं खोटं "दुखत नाही" म्हणते. बर्वे प्रत्येक गोष्टीला मान डोलवत होता. निघताना त्याने आपलं तिकीट श्रीकांतच्या हातात दिलं. श्रीकांत म्हणाला, "वेडा आहेस का? मला मॅच सुचतेय?" बर्वे म्हणाला, "घरात बसून फोनकडे बघत राहशील. तिथे बसून बघ. डोरोथी बरी आहे सोबतीला."

त्यानंतर बर्वेची माझी समोरासमोर भेट झालेली नाही. तो परत यायच्या आत माझी नोकरी बदलली आणि मी दुसऱ्या राज्यात, क्युपर्टिनोला आले. फोन असतात. पण बर्वे म्हटलं की मला दिसतो तो त्या मॅचच्या संध्याकाळचा, श्रीकांतच्या हातातल्या फोनमधला.

ऑपरेशन आदल्या दिवशी झालं होतं. आमच्याकडे संध्याकाळ, नागपूरला सकाळ. स्टेडियममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. एका बाजूला डोरोथी, दुसरीकडे मी, मध्ये श्रीकांत. त्याचं मैदानाकडे लक्षच नव्हतं. फोन वाजला. पडद्यावर दवाखान्याची खोली, खिडकीतून आलेलं ऊन, पलंग पाठीकडून उचललेला, त्यावर टेकून बसलेली लहानखुरी म्हातारी. श्रीकांतने फोन गोल फिरवून गर्दी दाखवली.

"बाप्पा, केवढे लोक!" आई म्हणाली. "तू जेवला का, श्रीकांत?"

श्रीकांतने फोन माझ्याकडे वळवला. मीच म्हटलं, "जेवले हो, काकू. कसं वाटतंय?"

"दुखत नाही," ती म्हणाली. पलीकडून बर्वेचा आवाज आला, "दुखतंय. पण डॉक्टर म्हणाले, उद्या उभं करणार."

"हा सुधीर रात्रभर खुर्चीत बसून होता," आई सांगत होती. "मी म्हटलं, झोप. ऐकत नाही. पोरगा चांगला आहे, पण चहा लय गरम देते."

फोन जरा हलला आणि बर्वे दिसला. टोपी नव्हती, केस विस्कटलेले, हातात चहाची बशी. त्याच क्षणी आमच्या भोवतीचं सगळं स्टेडियम उठून उभं राहिलं. आमच्या कोणीतरी चेंडू पार प्रेक्षकांत टोलवला होता. डोरोथी नाचत होती, लोक अनोळखी माणसांना मिठ्या मारत होते. बर्वेने ती गर्जना ऐकली. त्याने मान वर केली आणि पडद्यात बघितलं, आणि त्याचा सगळा चेहरा फुलून आला. मी ओरडले, "बर्वे, आपण पुढे गेलो! ऐकतोयस का?" सगळे उभे होते, एकटा श्रीकांत बसलेला. त्याने फोन दोन्ही हातांनी धरला होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"सुधीर," तो म्हणाला. "सुधीर, ऐक, मी तुला..."

"थांब रे जरा," बर्वे म्हणाला. "आईंचा चहा होऊ दे." आणि तो पाठमोरा झाला, आणि त्याने बशीवर फुंकर घातली.